चार नंबरची चटई

खुर्चीवरून कोणी उठलं, तर आबा त्या खुर्चीवर लगेच बसत नसत. उभे राहत. थोड्या वेळाने हाताची मागची बाजू बैठकीला लावून बघत, पुन्हा थांबत, आणि खुर्ची पुरती गार झाली की मगच टेकत. मी पॅकहाउसमध्ये रुजू झाले त्या सकाळी त्यांना माझी खुर्ची देऊ केली, तेव्हा हा सगळा प्रकार त्यांनी माझ्यासमोरच केला. मी विचारलं, काही सांडलंय का? ते म्हणाले, "न्हाई. दुसऱ्याची ऊब अंगावर घेऊ नये, बाई. ज्याची त्याच्याकडं परत जाऊ द्यावी."

मी डायरीत लिहिलं : मेंटेनन्स – आबा – वय साठच्या आसपास – जरा विचित्र.

आमचं पॅकहाउस बेडशापासून दोन-अडीच किलोमीटरवर, पवना नदीच्या बाजूला. मागे गुलाबाची हरितगृहं, पुढे ग्रेडिंगचा हॉल, हॉलच्या आतल्या भिंतीला कोल्ड स्टोअरचं जाड दार. पहाटे तोडलेली फुलं हॉलमध्ये येतात, बायका टेबलाशी उभ्या राहून दांड्याची लांबी आणि कळीचा आकार बघून जुड्या बांधतात, जुड्या बादल्यांत घालून कोल्ड स्टोअरमध्ये जातात. हॉल पौषातल्या पहाटेसारखा गार ठेवावा लागतो. आतलं कोल्ड स्टोअर त्याहून कितीतरी थंड. तिथे स्वेटर घालून माणूस दहा मिनिटं थांबतो. रात्रभर कोणी आत अडकलं तर सकाळी काय सापडेल, हे कोणी बोलून दाखवत नसे. संध्याकाळी कुलूप लावायची जबाबदारी माझी होती, आणि म्हणून माझी यादी होती. आत येताना जिची तिने खूण करायची, बाहेर जाताना पुन्हा. सगळ्या खुणा झाल्या की कुलूप.

आबा पूर्वी कुठल्याशा कारखान्यात शीतयंत्रांवर होते. आमच्याकडे आले तेव्हा म्हणे हॉलचं बाहेरचं दार कायम बादली लावून उघडं असायचं. बायकांच्या पायांत गोळे येत, म्हणून त्या ऊन आत घेत. ऊन आत आलं की कंप्रेसर ओरडायचा, विजेचं बिल बघून मालक ओरडायचे, दार बंद व्हायचं, आणि पुन्हा पायांत गोळे. आबांनी आठवडाभर नुसतं बघितलं. मग मालकांना सांगितलं, फुलाला गार पायजे आन् माणसाला गरम, दोघांना एका खोलीत भांडायला कशाला लावता?

त्यांनी रबराच्या चटया केल्या. पाट असतो तेवढ्या, आत तापणारी तार, वीज अगदी कमी दाबाची. प्रत्येकीच्या पायाखाली एक. हॉल गार तो गारच, पण तळव्यांतून ऊब वर चढायची. दार बंद झालं, कंप्रेसरला विसावा मिळाला, आणि मालकांनी आबांना दिवाळीला शाल दिली. आबांनी ती कधी अंगावर घेतली नाही. ते जानेवारीतही अर्ध्या बाहीच्या सदऱ्यावर असत. उन्हाळ्यात हरितगृहाची भट्टी व्हायची, तर तिथे मोठे पंखे लावायला त्यांनी साफ नकार दिला. साऱ्या शिवाराला वारा घालून काय करता, मानंला घाला, असं म्हणून त्यांनी जुन्या कॉम्प्युटरमधले बोटभर पंखे ओल्या सुती पट्ट्यांना शिवले आणि फुलं तोडणाऱ्यांच्या गळ्यात बांधले. लोक हसले. मग मे महिन्यात पट्ट्यांसाठी भांडणं झाली.

हे सगळं मला आवडण्यासारखं होतं. कमी खर्च, नेमका उपयोग, प्रत्येक वस्तूवर क्रमांक. चटयांना एक ते पाच आकडे टाकलेले होते. माझ्या यादीत मी एक नवा रकाना आखला : चटई क्रमांक.

तो रकाना भरताना लक्षात आलं की बायका चार आहेत आणि चटया पाच. एक, दोन, तीन, पाच. चार नंबरची चटई कोल्ड स्टोअरच्या दाराजवळच्या टेबलापाशी पसरलेली होती, चालू होती, आणि तिच्यावर कोणी उभं राहत नव्हतं.

मी आबांना विचारलं. ती हौसाची, म्हणाले.

हौसामावशी मी येण्याच्या आधीच्या पावसाळ्यात वारली होती. घरीच, तापाने. पॅकहाउस सुरू झालं तेव्हापासूनची बाई. माझ्या आधी यादी नव्हती, हौसामावशी होती. संध्याकाळी सगळ्या बाहेर पडेपर्यंत ती दारापाशी उभी राहायची, एकेकीला नावाने गाडीत बसवायची आणि मग स्वतः निघायची. ती गेली, म्हणून मालकांना कोणीतरी शिस्तीचं माणूस हवं झालं, आणि मी आले. हे मला बायकांनी सांगितलं, जरा ऐकवायच्या सुरात. चंदा नावाची एक तोंडाळ बाई होती. ती म्हणाली, "मावशीला लिवता येत नव्हतं, पर ती कुनाला इसरली न्हाई कदी."

मेलेल्या बाईच्या नावाने वीज जळते, हे माझ्या हिशेबी स्वभावाला पटणारं नव्हतं. त्याच महिन्यात रेश्मा कामाला लागली. माहेर बेडशाचं, सासर तिकोणा पेठेचं, लग्नाला वर्षही झालेलं नाही. मी तिला चार नंबर दिला आणि रकाना भरला.

तीन दिवसांनी रेश्मा रडकुंडीला आली. पाय बधिर होतात म्हणाली. मी वाकून चटईला हात लावला, चटई छान गरम होती. तिला बूट काढून उभं राहायला सांगितलं. तिचे तळवे दगडासारखे गार होते. मी माझे स्वतःचे पाय ठेवून बघितले. हाताला लागणारी ऊब पायाला लागत नव्हती. काही वेळाने माझ्या घोट्यांपर्यंत गारठा चढला आणि मी उतरले. आबा दारातून बघत होते. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ती मोकळी न्हाई, बाई. दोन दिवसांत त्यांनी रेश्मासाठी नवी चटई केली, सहा नंबरची. तिच्यावर तिचे पाय तासाभरात गरम झाले.

आता आबांच्या बोर्डाबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. हॉलच्या बाहेर त्यांची पत्र्याची खोली होती. भिंतीवर लाकडी फळी, फळीवर प्रत्येक चटईचा एक खटका. चटई तापली की खटका टक करून वीज तोडायचा, गार झाली की टक करून जोडायचा. चटईवर माणूस उभं असलं की ऊब झाकलेली राहते, म्हणून खटका क्वचित वाजतो. चटई रिकामी असली की गारठ्यात लगेच निवते, म्हणून सारखी टकटक. आबा फळीकडे पाठ करून चहा पीत आणि सांगत, तीन नंबर बाहेर गेली, पाच पायावर पाय ठेवून उभी हाय. बायका म्हणायच्या, आबांच्या पाठीला डोळं हायत. रेश्मा येऊन काही महिने झाले, तेव्हा एक दिवस ते म्हणाले, सहावर आजकाल दीड माणूस उभं राहतंय. मी हसले. त्यांनी हसण्यासारखं काही सांगितलेलं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एक नियम सांगितला होता. "चार बोलाय लागली की कुलूप लावा. तवर नको."

तो मला यंत्राचा काहीतरी भाग वाटला होता. दोन-तीन आठवडे मी नीट लक्ष दिलं, तेव्हा हिशेब जुळेना. चार नंबर रिकामा. म्हणजे त्याने दिवसभर टकटक करायला हवी. तो दिवसभर गप्प असायचा. संध्याकाळी बायका एकेक करून बाहेर पडत, त्यांच्या चटया एकेक करून वाजायला लागत. चार गप्पच. शेवटची बाई उंबरा ओलांडून उन्हात आली की थोड्या वेळाने चार सुरू व्हायचा. टक. टक. टक. मग आबा मुख्य बटण बंद करत.

मी कारणं शोधली. कोल्ड स्टोअरच्या फटीतून वारा लागत असेल, तर चटई लवकर निवून जास्त वाजली असती, कमी नाही. खटका बिघडला असेल, तर आबांनी माझ्यासमोर तो बदलला. कोणी बादली ठेवत असेल, तर मी दिवसातून चार वेळा जाऊन पाहिलं, चटई मोकळी होती. मी तिन्ही कारणं डायरीत लिहिली आणि तिन्हींवर काट मारली. शेवटी स्पष्टच विचारलं, आबा, हे भुताबिताचं आहे का?

त्यांना हे आवडलं नाही. "आमच्या आज्ज्यानं छपन्न साली देव आन् भुतं एकाच दिशी पवनंत सोडली. मी मानत न्हाई." मग म्हणाले, "ऊब हाय ती. माणूस जातं. ऊब बी जाती, पर तिला काम उरलं असंल तर ती थांबती. म्हशीचं दूध निवायला वेळ लागतोच का न्हाई?"

म्हशीचं दूध वर्षभर निवत राहत नाही, हे मी बोलले नाही. चारचा रकाना रिकामा ठेवला आणि माझ्या यादीवर भरवसा ठेवला.

जानेवारीच्या अखेरीस आमच्याकडे फार घाई असते. फेब्रुवारीच्या मध्यासाठी गुलाब परदेशी जातात, हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी माल पाचला निघाला. दोन गाड्या बायकांना न्यायला उभ्या होत्या, एक बेडशाची, एक तिकोणा पेठेची. यादी दाराशी टांगलेली. गाड्या गेल्या. मी यादी काढून बघितली. एक, दोन, तीन, पाच, सहा. पाचही खुणा झालेल्या. मी आत नजर टाकली, दिवे मालवले, कोल्ड स्टोअरचं दार ओढून घेतलं. ते आतून ढकललं तर उघडतं, पण बाहेरून कुलूप घातलं की नाही. कुलूप हातात घेतलं आणि बाहेर आबांच्या खोलीशी येऊन हाक मारली, बंद करायचं ना?

आबा फळीसमोर उभे होते. पाठ करून नव्हे, तोंड करून.

"चार बोलली न्हाई," ते म्हणाले.

बाकी सगळे खटके वाजत होते. एक, दोन, तीन, पाच, सहा. पावसाची पागोळी पडावी तसे. त्यांच्या मधोमध एक गप्प.

मी यादी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. मी म्हटलं, आबा, पाच आल्या, पाच गेल्या. मला धुकं उतरायच्या आत तळेगावला पोचायचंय, उद्या पहाटे पुन्हा यायचंय. ते म्हणाले, जावा तुमी, किल्ली द्या, मी थांबतो. किल्ली देता येत नव्हती, नियमच माझा होता. आम्ही तसेच उभे राहिलो. पाच मिनिटं, सात मिनिटं. बाहेर तिकोणा गडाच्या आड सूर्य गेला. मला राग येत होता, आणि रागाखाली दुसरंच काहीतरी होतं.

मग ते कधी नव्हे ते आवाज चढवून म्हणाले, "अवो बाई, कागद बघू नका. ती उभी हाय तितं. कुनासाठी उभी हाय, ते जाऊन बघा."

मी दिवे लावून हॉलमध्ये गेले. जमीन दिवसभराच्या पाण्याने ओली होती. टेबलांच्या रांगेने चालत दारापाशी आले. चार नंबरच्या चटईवरही ओल होती, बारीक दवासारखी. फक्त दोन पावलांएवढी जागा कोरडी होती. टेबलाशी काम करणाऱ्या बाईची बोटं टेबलाकडे असतात. ह्या पावलांच्या टाचा टेबलाकडे होत्या. बोटं कोल्ड स्टोअरच्या दाराकडे.

मी दार उघडलं. बादल्यांच्या तिसऱ्या रांगेमागे रेश्मा पडलेली होती. एक बूट पायात, एक निसटलेला, ओठ निळे. भोवती गुलाब सांडले होते, टवटवीत.

मी हाक मारली की किंचाळले, आठवत नाही. आबा आले. आम्ही तिला उचलून हॉलबाहेर, आबांच्या खोलीत आणलं. आबांनी सहा नंबरची चटई उपटून आणली, खोलीतल्या बटणाला लावली आणि तिच्या पाठीशी दिली. ती न वापरलेली शाल कपाटातून काढून तिच्यावर घातली. मी दुसऱ्या चटईसाठी हॉलकडे वळले, तर त्यांनी हाताने अडवलं. चार सोडून कुठलीही आणा, म्हणाले.

आणि तेव्हाच, रेश्माने पहिल्यांदा पापणी हलवली त्या सुमाराला, आमच्या डोक्यावरच्या फळीवर टक झालं. मग पुन्हा. मग सारखं.

आबा फळीकडे बघून हळूच म्हणाले, "झालं गं. निघ आता."

कामशेतच्या डॉक्टरांनी सांगितलं, वेळेत आणली. तिला तिसरा महिना होता. कामावरून काढतील म्हणून तिने कोणाला सांगितलं नव्हतं. शेवटची बादली आत ठेवायला गेली, घेरी आली आणि पडली. खूण कशी झाली, तेही कळलं. रेश्माने चंदाला सांगितलं होतं, माझी टाक, मी आलेच. चंदाने टाकली. बायका एकमेकींच्या खुणा रोजच करत होत्या, मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. तिकोण्याच्या गाडीतल्यांना वाटलं, रेश्मा माहेरी बेडशाला गेली. बेडशाच्या गाडीतल्यांना वाटलं, सासरी गेली. दुसऱ्या दिवशी चंदा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने खोटी खूण केली होती आणि मी त्या खुणेवर विसंबून कुलूप घालणार होते. दोघींच्यात कोण जास्त चुकलं, हे ठरवायला मला कुठलाच रकाना सापडला नाही.

त्या दिवसापासून मी यादी दाराशी टांगत नाही. दारात उभी राहते. एकेकीला नावाने बोलावते, ती उंबरा ओलांडते, मग मी स्वतः खूण करते. शेवटची गाडीत बसेपर्यंत हलत नाही. बायका सुरुवातीला हसल्या. मग चंदा एकदा सहज म्हणून गेली, मावशी अशीच उभी राहायची, त्याच फरशीवर. मी जागा बदलली नाही.

मी दारात उभी राहू लागल्यानंतर थोड्या दिवसांनी चार नंबर दिवसभर वाजायला लागला. साध्या रिकाम्या चटईसारखा. आबांनी महिनाभर ऐकलं. मग एका दुपारी चटई स्वतः सोडवली, गुंडाळली आणि बेडशाला हौसामावशीच्या लेकीकडे नेऊन दिली. तिने ती अंगणात उन्हात पसरून ठेवली म्हणे.

आता बॅटरीवर चालणारी जाकिटं आली आहेत. पाठीला आणि पोटाला ऊब देतात, मोबाइलसारखी चार्ज होतात, वीज चटयांपेक्षाही कमी लागते. मी प्रत्येकावर नाव घातलं आहे, अदलाबदल चालत नाही. रेश्मा मुलीला घेऊन भेटायला आली होती, परत कामावर यायचं म्हणते. फळी काढून टाकली. आबांनीही त्याच सुमारास काम सोडलं, आणि गेल्या पावसाळ्यात ते वारले. अलीकडे मीही कोणी नुकत्याच सोडलेल्या खुर्चीवर लगेच बसत नाही. जमत नाही.

काम सोडताना त्यांनी सगळी हत्यारं मोजून माझ्या ताब्यात दिली. मी यादी करत होते. शेवटी पिशवीतून एक चटई काढून टेबलावर ठेवली. नवी कोरी, कडा हाताने घासलेल्या. वर पांढऱ्या रंगात आकडा, सात.

मी म्हटलं, आबा, ही कोणाची? रेश्मा धरून बायका पाचच, आणि जाकिटं येताहेत.

"तुमची," ते म्हणाले.

मी हसून म्हटलं की मी ऑफिसात बसते, मला चटई कशाला?

"आत्ता नको," त्यांनी शांतपणे सांगितलं. "आता तुमी शेवटी निघता ना. मागनं लागंल."

ती माझ्या कपाटात आहे. यादीत नोंद केली आहे : चटई क्र. ७, नवी, चालू स्थितीत. पुढे माझं नाव. त्यापुढचा रकाना आहे, वापर सुरू केल्याची तारीख. दर वर्षअखेरीला सगळी यादी नव्याने लिहून काढते, तेव्हा तो रकाना तसाच पुढे नेते, कोरा.